‘अंगावरून जाऊ द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या गोंड, कोलाम, आंध बायका घरीच बाळंत होतात, पाचव्या दिवशी कामाला लागतात, त्यांना काही होत नाही. म्हणून चीक पिळून टाका, पाणी बेतानं द्या, बाजेखाली शेगडी ठेवा, अंगावरून जाईल तेवढं रक्त जाऊ द्या, लोहाच्या गोळ्यांऐवजी अळीव खा.

‘काही होत नाही’ म्हणताना फक्त जगलेल्याच मोजल्या आहेत. आणि पाचव्या दिवशी कामाला जाणं ही रीत नव्हे, ती मजुरीची अडचण. रीत सव्वा महिना आरामाची आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळे ती रीत जपलीच पाहिजे. थोरल्या बाईची सोबत, डिंक-मेथी, हलक्या हाताची मालिश, हेही चांगलंच.

अंगावरून जाण्याचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. वार (प्लासेंटा) जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या गर्भाशय आवळल्यानंच बंद होतात. बेंबीच्या आसपास हात ठेवला तर आवळलेलं गर्भाशय टणक चेंडूसारखं लागतं. मऊ, पसरट लागलं तर ते सैल पडलंय, आणि रक्त आपोआप थांबणार नाही. घडी घातलेलं कापड तासाभरात चिंब झालं तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. अर्धा लिटरपुढचा रक्तस्राव धोक्याचा, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही झेपत नाही. वार अडकली तर नाळ धरून ओढू नये. गर्भाशयच उलटून बाहेर येऊ शकतं. दवाखान्यात बाळ होताच ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, ते गर्भाशय आवळावं म्हणूनच.

नेहमीचा स्राव तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी-गुलाबी, पुढं पांढुरका होतो. फिका पडलेला स्राव पुन्हा लालभडक झाला, घाण वास आला किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चीक टाकायचा नसतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा मावतो. चीकही तेवढाच येतो. रोगाशी लढणारी द्रव्यं त्यातच दाट असतात. वासराला चीक पाजणाऱ्या घरात लेकराचा चीक पिळून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. तासाभरात छातीला लावा. मधाचं बोट, गुळाचं पाणी नको.

पाण्यानं पोट सुटत नाही. दूध येऊ लागलं की दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दुधातच जातं, त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. दर पाजण्याला एक भांडंभर पाणी हवंच. कमी पडलं की शौचाला खडा होतो, टाक्यांवर ताण येतो, लघवीला जळजळ होते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. शेकायचंच तर शेगडी अंगणात ठेवा, कापड तापवा, आधी आपल्या मनगटाला लावून बघा. टाक्यांवर शेक नाही. बाळाला उबेसाठी टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं.

अळीव जरूर खावं, लिंबू पिळून. पण त्यानं गोळीची जागा भरत नाही. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, १८० दिवस. तासभर आगेमागे चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नये.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती आली की दिवसाला किती कापडं लागतात ते सांगा, आणि लाज न धरता वापरलेलं कापड दाखवा.