मालवणचं सागरी अभयारण्य चालवायचं असेल तर आधी जाळ्यांमध्ये फरक करा

१३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारच्या छोट्या पद्मगडाच्या भोवतीचा. तेव्हापासून विषय निघाला की किनाऱ्यावर पहिला प्रश्न एकच: "म्हणजे मासेमारी बंद?" याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी कायदा उघडावा. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित आधी जपायचं, ही अट वन्यजीव कायद्याच्या कलम २६-अ मध्ये आहे. पण ती आली १९९१ च्या दुरुस्तीत. मालवणचा कागद त्याआधी चार वर्षं निघाला होता. अविश्वास तिथूनच सुरू होतो.

माझं मत सरळ आहे. "मासेमारी चालू की बंद" हा प्रश्नच चुकीचा. कोणतं जाळं, किती वाव (एक वाव सुमारे सहा फूट) पाण्यात, कोणत्या महिन्यात, असं विचारलं तरच उत्तर निघतं. न्हैयवाल्याचं गिलनेट (छोट्या होडीतलं जाळं) पाण्यात उभं राहतं आणि आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, मापाचाच मासा त्यात अडकतो. ट्रॉलचं जाळं तळ खरवडत जातं. पर्ससीन अख्खा थवा घेरते. या तिघांना एकाच नियमात बसवलं की छोटी होडी सापडते आणि रात्री आत घुसणारा हायस्पीड ट्रॉलर निसटतो. रापणीलाही (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) सूट नको, हे माझ्याच लोकांना आवडणार नाही. तिच्या खोल्यात, म्हणजे मासा जमणाऱ्या शेवटच्या पिशवीत, बारीक बांगडा, पेडवे भरपूर येतात. पण रापण बंद करायची गरज नाही. खोल्याचा आस वाढवायचा आणि बारीक मासा लागला की ओढ सोडून द्यायची, हे रापण संघानेच ठरवावं.

ट्रॉलरसाठी ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला हा जुना आणि चांगला उपाय. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण बसला की मिटतो, पिल्लू आत अडकतं. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. तो फसतो कुठे? एकाने लावला आणि शेजारच्याने नाही लावला, तर पहिल्याचं कुट्टीचं (बारीक, स्वस्तात विकल्या जाणाऱ्या मासळीचं) उत्पन्न जातं आणि महिनाभरात जुना खोला परत येतो. म्हणून सगळ्या मच्छीमार सोसायटीने एकाच तारखेला बदलायचा, आणि तपासणी धक्क्यावर, बोट सुटण्याआधी. समुद्रात जाळं ओढत असताना कोणी आस मोजत नाही.

प्रवाळाचं मोठं नुकसान नांगराने होतं. स्नॉर्कलिंग-स्कूबाच्या होड्या त्याच चार खडकांवर दिवसभर नांगर टाकतात. उपाय कायमचे बोये: तळाशी बांधलेले तरंगते गोळे, होड्यांनी नांगर न टाकता त्यांनाच दोर बांधायचा. काँक्रीटचा ठोकळा खडकावर नाही, बाजूच्या वाळूत ठेवायचा. दोराच्या मध्यावर छोटा तरंगता गोळा बांधायचा, म्हणजे ओहोटीला ढिला पडलेला दोर किंवा साखळी तळावर घासत नाही. मे संपण्याआधी वरचा भाग काढून घ्यायचा, नाहीतर पावसाळ्यात बोया तुटून किनाऱ्याला लागतो. शॅकल (दोर-साखळी जोडणारी कडी) दर महिन्याला पाण्यात उतरून बघायची. हे काम स्थानिक पाणबुड्या पोरांना मजुरीवर द्या आणि पैसा पर्यटकाच्या तिकिटातून काढा.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक चांगली योजना आहे. कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा फोटो-व्हिडिओचा. आता रात्री दोन वाजता, लाटेत, ओल्या हाताने फोन धरणार कोण? शिवाय बुडालेला दिवस आणि सुटलेली मासळी हिशेबात नाही. मोठं जाळं असेल तर ही रक्कम अपुरीच पडते.

आता समितीकडे येऊ, खरी गोम तिथे आहे. अभयारण्याच्या सल्लागार समितीसाठी कायद्याने (कलम ३३-ब) जी यादी दिली आहे, तिच्यात गृह आणि पशुवैद्यकीय खात्याचा प्रतिनिधी आहे. मत्स्यव्यवसाय खात्याचा नाही! मच्छीमारासाठी वेगळी खुर्चीही नाही. मात्र पंचायतीचे तीन आणि "वन्यजीव संवर्धनात सक्रिय" असे तीन लोक घेता येतात. या सहा जागांवर रापण, न्हैय, ट्रॉलर आणि मासळी विकणाऱ्या बायका यांचे प्रतिनिधी, त्या अटीत बसत असतील तर, घ्यायला कायदा आड येत नाही. मत्स्यव्यवसाय, मेरीटाइम बोर्ड आणि सागरी पोलिसांना कायम निमंत्रित करा. किल्ल्याचा विषय असेल तेव्हा पुरातत्त्व खात्यालाही, कारण तो त्यांच्या ताब्यात आहे.

नोंदवही सोसायटीची असावी. होडी, जाळं, किती तास, किती वाव, पाच मुख्य जातींचं वजन, आठवड्याला तीस बांगड्यांची लांबी. एवढं पुरे. एकूण टनावर जाऊ नका, होड्या वाढल्या की टन वाढतात. तासामागे किती मिळालं ते बघा. ही वही दंडासाठी वापरणार नाही, असं वन खात्याने लेखी द्यावं. नाहीतर सगळे आकडे सोयीचेच लिहिले जातील.

बैठका पावसाळी बंदीत घ्या, १ जून ते ३१ जुलै. तेव्हा तांडेल (बोटीचा मुख्य) आणि खलाशी गावात असतात. नारळी पौर्णिमेनंतर बोलावलंत तर खुर्चीवर फक्त पुढारी येऊन बसतील.