मालकाचं उत्तर : '१६ कोअरच्या नावाखाली गंडवलं'

नमस्कार सर. ऐन लग्नसराईत आम्ही जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर तुमचं अल्बमचं काम अडलं, त्याबद्दल माफी मागतो. दोन वेळा फोन उचलला गेला नाही, तीही आमचीच चूक.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "१६ कोअरचे पैसे घेतले आणि फोटोशॉपमध्ये प्रोसेसर १० टक्केच चालतो, गंडवलं." हा शब्द लागला सर. लातूरच्या गंजगोलाईजवळ अकरा वर्षं दुकान चालवतोय, आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

प्रोसेसर अस्सल आहे. रायझेन ९ ५९५०एक्स, १६ कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे १६ गडी, आणि ३२ थ्रेड, म्हणजे एका वेळी ३२ कामं हातात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किती टक्के चालतोय म्हणून दिसतो तो आकडा सगळ्यांचा मिळून असतो. एक थ्रेड जीव तोडून पळत असला तरी तिथं ३ टक्केच दिसणार. फोटोशॉपमधली बरीचशी कामं एकामागं एक करावी लागतात. आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. सोयाबीन कापायला १६ माणसं लावता येतात, पण मळणीयंत्र एकच असलं तर बाकीचे बांधावर बसणारच की. तेच लाइटरूममधून हजार सुटे फोटो एक्स्पोर्टला लावा आणि मग आकडा बघा, सगळे गडी कामाला लागतात.

व्हिडिओचं आफ्टर इफेक्ट्स सॉफ्टवेअर रखडतं म्हणता, त्याचं कारण वेगळंय. व्हिडिओच्या अनेक फ्रेम एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर रेंडर, म्हणजे तयार, करायची आताची सोय त्यात २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ नंबरच्या आवृत्तीत आली. तुमच्याकडं २०२० चं आहे. ते कुठून आलं, हे मी विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. आणि नवीन टाकलं तरी एकदम जास्त फ्रेम उघडल्या की रॅमही, म्हणजे चालू कामाची मेमरी, तेवढी लागते.

आता रॅमचंच बोलतो, कारण लोकांना वाटतंय मी महागाचं गळ्यात मारलं. माझं पहिलं कोटेशन ८ कोअर आणि ६४ जीबी रॅमचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून आहे, वर सरकवून बघा. तुम्हीच म्हणालात, "यूट्यूबवर बघितलंय, १६ कोअरच पाहिजे, रॅम १६ जीबी टाका, बाकीचं नंतर बघू." वरून जोडणीची मजुरी सोडायला लावलीत, तीही सोडली. त्या दिवशी लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर विंडोज टाकून रात्री साडेनऊला मशीन हातात दिलं, कारण सकाळी तुमची हळदीची ऑर्डर होती. हे मात्र रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही.

एवढं मान्य करतो की तेव्हा मी जोर लावून 'नको' म्हणायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गप्प बसलो. यापुढं कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, हे आधी विचारून घ्यायचं असं पोरांना सांगितलंय, बघू कसं जमतंय.

मशीन घेऊन या, शक्यतो चारनंतर. रॅम खरेदीच्या भावात टाकून देतो, मजुरी नाही. स्टार ठेवायचा तर ठेवा, पण तो 'गंडवलं' शब्द तेवढा काढता आला तर बघा. माझी पोरगीपण हे वाचते.