एकही ख्रिस्ती डगमगला नाही?

गुड फ्रायडे जवळ आला की एक मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो. थोडक्यात असा: 'पहिली तीनशे वर्षं रोमी सरकारने ख्रिस्ती लोकांना एक दिवसही चैन पडू दिलं नाही. ते कॅटाकोंबमध्ये (जमिनीखालच्या भुयारांत) लपून राहत. सापडले की कोलोसियममध्ये (रोममधल्या भव्य रिंगणात) सिंहांपुढे टाकले जात. पण एकानेही ख्रिस्ताला नाकारलं नाही.' पुढे हात जोडल्याच्या इमोजी, आणि आजच्या ख्रिस्ती माणसाला दोन टोमणे. छळ झाला, भयंकर झाला. तरीही या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं तर त्या काळच्या श्रद्धावंतांवर अन्याय करणारं आहे.

तीनशे वर्षं अखंड छळ? नाही. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने रोमच्या आगीचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं आणि त्यांना हालहाल करून मारलं, पण ते रोम शहरापुरतं. साधारण ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या प्रांतातून प्लिनी या अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजनला विचारलं की या लोकांचं करायचं काय. उत्तर आलं: शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, कोणी रीतसर आरोप केला आणि तो सिद्ध झाला तर शिक्षा करा, देवांची पूजा केली तर सोडून द्या. म्हणजे तलवार टांगलेली, पण कोसळायची ती बहुधा शेजाऱ्याच्या वैरामुळे किंवा गावातल्या जमावाच्या रागामुळे. साम्राज्यभर रोमी देवांना बली देण्याची सक्ती प्रथम सम्राट डेशियसने केली, २५० च्या आसपास. २६० पासून ३०३ पर्यंत तर चाळीसहून अधिक वर्षं बरीचशी शांततेची गेली. निकोमीडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या राजधानीत, चर्चची इमारत राजवाड्यातून दिसेल अशा जागी उभी होती. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या छळाची सुरुवात तीच पाडून झाली.

उलट टोकाचे लोक यावरून 'छळ वगैरे सगळी कहाणी' असं म्हणतात, तेही खोटं. प्लिनी स्वतःच्या हाताने लिहितो की, तीनदा विचारूनही जे अडून बसले त्यांना मी मृत्युदंडासाठी पाठवलं आणि दोन दासींना यातना देऊन चौकशी केली. हा मारणाऱ्याचाच कबुलीजबाब आहे.

कोलोसियमचं लवकर उरकू. नीरोच्या वेळी ते बांधलेलंच नव्हतं, ते ८० मध्ये खुलं झालं. तिथे अमुक ख्रिस्ती मारला गेला असा त्या काळचा भक्कम पुरावा नाही, आणि ती जागा हुतात्म्यांची म्हणून मानली जाऊ लागली ती कित्येक शतकांनंतर. कॅटाकोंब ही तर दफनभूमी. तिथे प्रार्थना होत, पण कोणी संसार थाटला नव्हता. लपण्यासाठी ती जागा कुचकामीच, सरकारला ठाऊक होती. २५८ मध्ये रोमचा बिशप दुसरा सिक्स्टस पकडला गेला तो तिथेच.

आता 'एकानेही नाकारलं नाही'. डेशियसच्या हुकुमानंतर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये काय झालं ते तिथला बिशप सिप्रियन सांगतो. पकडायला कोणी येण्याआधीच ख्रिस्ती लोक आपणहून बली द्यायला चौकात धावले. संध्याकाळ झाली, अधिकारी म्हणाले उद्या या, तर काहींनी विनवण्या केल्या की आजच उरकून घ्या. काहींनी बली न देता पैसे चारून बली दिल्याचा दाखला मिळवला. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. मजकूर अगदी तालुका कचेरीतल्या अर्जासारखा: मी नेहमीच देवांना बली देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर अर्घ्य दिलं, बली दिला, प्रसाद चाखला, तरी दाखला मिळावा. खाली साक्षीदाराची सही. दाखला काढणारे सगळे ख्रिस्तीच होते असं नाही, पण घरी लेकरंबाळं असलेल्या ख्रिस्ती माणसापुढेही हाच कागद होता.

हे झाकलं की पर्पेतुआ या हुतात्मा तरुणीचं मोठेपण कळत नाही. २०३ साल, कार्थेज, वय सुमारे बावीस, अंगावर पिणारं बाळ. तुरुंगात तिने लिहिलेलं टिपण आपल्यापर्यंत आलं आहे. त्यात ती सरळ म्हणते की असला अंधार मी कधी पाहिला नव्हता, मी घाबरले. बाळाच्या काळजीने तिचा जीव तुटतो. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाल्यावर तोच तुरुंग तिला राजवाडा वाटू लागतो. म्हातारा बाप तिचे हात चुंबून पायाशी लोळण घेतो, बाळाकडे बघ म्हणतो. सम्राटांच्या कल्याणासाठी बली दिला की सुटका होती. रिंगणात तिच्यावर सोडली ती सिंह नव्हे, पिसाळलेली गाय. शेवटी नवख्या तलवारबाजाचा हात थरथरत होता, तो तिने स्वतः आपल्या गळ्याशी नेला.

आणि सिप्रियन? डेशियसच्या वेळी तो स्वतः लपला होता, त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. परतल्यावर वाद पेटला: डळमळलेल्यांना चर्चमध्ये पुन्हा घ्यायचं का? रोममध्ये नोवाटियन हा धर्मगुरू म्हणाला, मुळीच नाही. कार्थेजच्या सभेने २५१ मध्ये प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासायचं ठरवलं. दोनेक वर्षांनी पुन्हा छळाचं सावट आलं तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्यांना आत घेतलं, म्हणजे निदान या वेळी तरी ते एकटे उभे राहणार नाहीत. १४ सप्टेंबर २५८ ला सिप्रियनवर खटला चालला. 'विचार कर' असं राज्यपालाने म्हटलं तेव्हा तो म्हणाला, इतक्या उघड गोष्टीत विचार कसला, तुम्हाला हुकूम आहे ते करा. मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगून त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली.

त्यानेच कास्टस आणि एमिलियस या दोघांची नावं लिहून ठेवली आहेत. पहिल्या खेपेला दोघंही यातनांपुढे हरले, दुसऱ्या खेपेला आगीपुढे टिकले. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या दोघांना कुठे बसवायचं ठरवलं आहे?