फ्रीजमधून काढली की लगेच निकाल?

'ओल्ड रास्पुतिन' या काळ्या बिअरला तिच्यावरच्या परीक्षणाच्या लेखात लेखकाने नुसती जळकट, कडू म्हणून निकालात काढलंय. पण बाटली फ्रीजमधून काढून थेट ओतली, असंही तेच लिहितात. मग दुसरं काय होणार! कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ कोस्ट ब्रुअरीची ही इम्पिरियल स्टाउट, म्हणजे जास्त अल्कोहोलची काळी बिअर; अल्कोहोल ९ टक्के. गारठलेली असताना भाजलेल्या बार्लीचा कडवटपणाच तेवढा जिभेला लागतो. ग्लासात जरा राहू द्या. १२-१३ अंशांवर आली की कॉफी, डार्क चॉकलेट, मागून मनुकांचा गोडवा येतो आणि घशात ऊब उतरते. तपकिरी फेसही बघण्यासारखा असतो, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही. आणि लेखातलं 'काळी म्हणजे कडक' हे साफ चूक; काळीकुट्ट ड्राफ्ट गिनेस बिअर जेमतेम ४.२ टक्क्यांची असते. हां, बाटलीला सोया सॉससारखा वास आला तर मात्र बिनधास्त गुण कापा.