एकाच पेनानं लिहिलेलं मस्टर

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपच्या, म्हणजे यंत्रानं दाबून पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात हजेरी बघायला होते. दुपारच्या शिफ्टला एका हेल्परची पॉवर प्रेसखाली दोन बोटं गेली, उजव्या हाताची. पोरगा बीडकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, ठेकेदाराकडून आलेला. त्याला दवाखान्यात पोचवलं आणि संध्याकाळी ठेकेदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, हा आजच लागलाय कामाला. आजची जॉइनिंग टाका."

पोरगा सात महिने रोज माझ्या खिडकीसमोरून आत जात होता. त्याची ना ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, नोंद होती, ना पीएफची. आज लागला म्हटलं की मागचे सात महिने आपोआप पुसले जातात.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं स्वतःचं मस्टर आणून दिलं. सात महिन्यांचं, नीटनेटकं, एकही खाडाखोड नाही. त्या पोराचं नाव कुठेच नाही. मी पानं उलटत गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळं मस्टर एकाच पेनानं लिहिलंय. तीच निळी शाई, तोच तिरका हात, पावसाळ्यातही आणि दिवाळीतही. ते रात्रीत बसून लिहिलं होतं.

त्या पोराला वाचवलं गेटवरच्या वहीनं. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ त्या वहीत लिहायचे. कायद्यातल्या कुठल्याच नमुन्यात ती वही बसत नव्हती, कुणी इन्स्पेक्टरनं ती कधी मागितली नव्हती. पण तिच्यात तीन वॉचमनची तीन अक्षरं होती, कुठे पेन्सिल, कुठे लाल शाई, कुठे पावसाचं पाणी लागून पसरलेला आकडा. पोराचं नाव चार वेगवेगळ्या प्रकारे चुकीचं लिहिलेलं, पण रोज लिहिलेलं. तिच्या झेरॉक्स जोडून प्रकरण पुढे गेलं, वेळ लागला, पण मान्य झालं. कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन त्याला आजही ईएसआयकडून मिळतं.

हे आज लिहायचं कारण सांगते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नियम, परवाने, दाखले यांचा फेरविचार करण्यासाठी उच्चस्तरीय समिती जाहीर केली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ कायदे त्यांच्या पोटात गेले. एक नोंदणी, एक लायसन्स, एक रिटर्न अशी ती घोषणा. तेव्हापासून माझ्या ओळखीतले सगळे मालक एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, आता रजिस्टरं ठेवायची का नाही?" आणि कामगार संघटनेतले मित्र म्हणतात, कागद गेला की कामगार गेला. मी गेली काही वर्षं बारा लहान युनिट्सचं हे सगळं कागदकाम बघते. मला दोघांचंही म्हणणं पटतं आणि दोघांचंही अपुरं वाटतं.

आधी मालकांची बाजू. ती खरी आहे आणि मी ती रोज जगते. पंचवीस माणसांचं वर्कशॉप असलं, तरी दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत पीएफचं चलन, १५ तारखेच्याच आत ईएसआयचं. प्रोफेशनल टॅक्स वेगळा. जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी. तिमाहीला टीडीएस. शिवाय वार्षिक रिटर्न, बोनसचं, जुन्या कारखाना कायद्याचं. प्रत्येक ठिकाणी तीच माहिती पुन्हा भरायची: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं, रुजू तारीख, पगार.

आणि 'पगार' म्हणजे काय हे जुन्या प्रत्येक कायद्यात वेगळं होतं. पीएफला बेसिक आणि महागाई भत्ता, ईएसआयला जवळपास सगळंच, ग्रॅच्युइटीचं गणित तिसरं, बोनसचं चौथं. एकाच माणसाचा एकाच महिन्याचा पगार मी चार ठिकाणी चार आकड्यांत लिहिला आहे आणि चारही आकडे कायदेशीर होते. नव्या संहितांमध्ये वेतनाची एकच व्याख्या आली, भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा असं ठरलं. या एका बदलाचं मी मनापासून स्वागत करते.

नावांचं तर विचारूच नका. आपल्याकडे बाईचं लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं. ईएसआयला माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत मधलं नाव गाळलेलं, पीएफला कुणीतरी आडनाव आधी टाकलेलं. माझ्याकडे पॅकिंगला काम करणाऱ्या एका मावशींचे स्वतःचे पीएफचे पैसे मुलीच्या लग्नाच्या आधी निघाले नाहीत, कारण चार सरकारी यंत्रणांच्या लेखी त्या चार वेगळ्या बायका होत्या. मावशींनी पंधरा वर्षं एकही हप्ता चुकवला नव्हता. कागदाचा भार मालकावर पडतो असं आपण म्हणतो, पण तो भार खाली उतरत उतरत शेवटी मावशींच्या डोक्यावर येतो.

तर कागद कमी व्हायलाच हवेत. पण हा प्रयोग आपण पहिल्यांदा करत नाही आहोत. लहान आस्थापनांना रिटर्न आणि रजिस्टरांतून सूट देणारा कायदा १९८८ सालीच झाला. २०१४ मध्ये त्याची मर्यादा वाढवून ४० कामगारांपर्यंत नेली. त्याच वर्षी केंद्राचं श्रम सुविधा पोर्टल आलं आणि कुठे तपासणी करायची हे कॉम्प्युटर ठरवू लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं नऊ कायद्यांखालची ५६ रजिस्टरं मोडीत काढून पाच केली: कामगारांचं, वेतनाचं, कर्ज-वसुलीचं, हजेरीचं आणि रजेचं. कागदावर ही फार मोठी सुधारणा होती.

मग झालं काय? सॉफ्टवेअर आलं. आता वर्षाच्या शेवटी एक बटण दाबलं की बारा महिन्यांची रजिस्टरं तयार होऊन प्रिंट होतात. ओव्हरटाइमचे तास कायद्याच्या मर्यादेत अगदी बरोबर बसवलेले. साप्ताहिक सुटी प्रत्येकाला मिळालेली. मी हे प्रिंट बघते तेव्हा मला त्या ठेकेदाराचं मस्टर आठवतं. शाई बदलली, पेन एकच आहे.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. सरकार दरवेळी नमुने मोजतं. ५६ रजिस्टरांची ५, ३६ फॉर्मचे १२. पण नोंद काम होतं त्या दिवशी झाली, का इन्स्पेक्टर येणार म्हणून झाली, हे कुणी मोजत नाही. नमुने वाढले की ते रोज लिहायला कुणाला वेळ नसतो, मग ते वर्षाकाठी एकदम लिहिले जातात आणि एकदम लिहिलेला कागद खोटाच असतो. म्हणून कमी करायचे. जे उरतील ते तरी रोजच्या रोज आणि खरे लिहिले जावेत म्हणून कमी करायचे. मालकाची सोय हे त्यातलं दुसरं कारण, माझ्या मते पहिलं नाही.

लैंगिक छळविरोधी कायद्याचं उदाहरण घ्या. २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि दरवर्षी जिल्हा अधिकाऱ्याकडे अहवाल जायला हवा. अहवाल जातो. गेल्या वर्षीचंच पत्र, तारीख बदलून, 'तक्रारी शून्य'. समितीत नाव असलेल्या बाईंना आपण समितीत आहोत हे माहीत नसतं, असं मी दोन ठिकाणी स्वतः पाहिलं. असा कागद रद्द करून काहीच बिघडणार नाही असं वाटू शकतं. मला उलट वाटतं. ती समिती खरी हवी, कारण ज्या बाईला तिची गरज पडेल तिला दुसरं दार नाही.

हजेरी, वेतन, ओव्हरटाइम, अपघात. या चार नोंदींना मात्र हात लावू नका. ज्यांना हे जुनाट वाटतं त्यांनी एकदा लेबर कोर्टात बसून बघावं. वर्षात २४० दिवस काम केलं हे सिद्ध झालं तर नोकरीवरून काढताना नोटीस आणि भरपाई, नाही झालं तर हात हलवत घरी. सिद्ध करायची जबाबदारी मुळात कामगारावर आणि मस्टर मालकाच्या कपाटात. अपघाताचं तर विचारायलाच नको, बोट गेलेल्या माणसाला आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करावं लागतं.

या नोंदी मुळात कुणाला हव्या होत्या हेही आपण विसरलोय. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, कामाची वेळ ठरवून द्या ही मागणी होती, मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत द्या ही मागणी होती. आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय, ही मागणीही होती. यातली एकही गोष्ट हजेरी आणि तारीख लिहून ठेवल्याशिवाय पाळता येत नाही. सुटीसाठी सहा वर्षं थांबावं लागलं, १८९० पर्यंत.

संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय, हे फार मोलाचं आहे. ते पत्र २००९ साली त्या पोराच्या खिशात असतं तर गेटची वही शोधावी लागली नसती. पण त्याच संहितांमध्ये वीज वापरणारा कारखाना कुणाला म्हणायचं ती मर्यादा १० वरून २० कामगारांवर गेली आणि कंत्राटी कामगारांची २० वरून ५० वर. माझ्या बारा युनिट्सपैकी निम्मी या रेषांच्या आसपास आहेत. प्रेस मात्र अठरा माणसांच्या शॉपमध्येही त्याच वेगानं खाली येते.

मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, आणि मोबाइलवर येणारा मेसेज. त्यानं माझा एकही फॉर्म कमी केला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या खिडकीशी माणसं येऊ लागली, "ताई, या महिन्याचा मेसेज नाही आला." कुठल्याच इन्स्पेक्टरनं मला इतकं सरळ केलं नव्हतं. जी नोंद ज्याच्याबद्दल आहे ती त्याला दिसली, की ती आपोआप खरी होत जाते. फेरविचार करणाऱ्यांनी हजेरी आणि ओव्हरटाइमचंही असंच करावं. एकदाच माहिती भरायची, ती सगळ्या खात्यांनी तिथूनच उचलायची आणि महिन्याच्या शेवटी कामगाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत मेसेज: इतके दिवस, इतके तास ओव्हरटाइम, इतका पगार. चूक असेल तर कळवायला एक नंबर. एवढं झालं तर बाकीची निम्मी रजिस्टरं खुशाल काढून टाका, मी स्वतः रद्दीवाल्याला बोलावीन.

तोवर वाट बघत बसायचं नाही म्हणून गेल्या जूनपासून एका युनिटमध्ये मालकांना पटवून एक गोष्ट सुरू केली. पगार करायच्या आधी, १ तारखेला, महिन्याच्या हजेरीचा आणि ओव्हरटाइमच्या तासांचा तक्ता कँटीनच्या भिंतीवर लावतो. पगाराचा आकडा नाही, फक्त दिवस आणि तास. पहिल्या महिन्यात सात जण तक्त्यावर बोट ठेवून सांगायला आले. पाच जणांचं बरोबर होतं, चूक आमची होती. त्यातल्या एकाचे अकरा तास राहिले होते. ते त्याच पगारात दिले.