हे बिल नाही

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात, आमच्या घरी टपालातून अधूनमधून विमा कंपनीचं पाकीट येतं. आत एक तक्ता असतो. डॉक्टरने किती मागितले, कंपनीने किती मान्य केले, तुमच्या वाट्याला किती आले. वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: 'हे बिल नाही'. 2017 साली माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तक्ता वाचून मी निर्धास्त झालो होतो. रुग्णालय आमच्या विम्याच्या नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी दरांचा करार असलेलं, सर्जनही नेटवर्कमधला. दीड महिन्याने दुसरं पाकीट आलं आणि ते मात्र बिल होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे 2,900 डॉलर. ते नेटवर्कबाहेरचे निघाले. टेबलावर आडवं पडल्यावर, तोंडावर मास्क ठेवणाऱ्या माणसाला 'आपण कुठल्या नेटवर्कचे?' असं विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं आठवलं ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. गेल्या महिन्यात मिरजेत काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पाच लाखांचा विमा, कॅशलेस रुग्णालय. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार. त्या भाड्याची खोली रिकामी नव्हती म्हणून वहिनीने 8 हजारांची घेतली. तिचा हिशेब साधा होता, वरचे 3 हजार रोज आपण भरू. सहा दिवसांचे 18 हजार तिने बाजूला काढूनही ठेवले होते. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की खोली वरच्या दर्जाची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापलं जातं. असा कापला जाणारा खर्च 1 लाख 60 हजार होता; त्यातले आठातले तीन हिस्से, म्हणजे 60 हजार, अंगावर आले. औषधं आणि इम्प्लांट या कात्रीतून सुटतात, एवढंच नशीब. दुपारी दोनपासून काका व्हीलचेअरवर कपडे करून बसलेले आणि घरचे पैसे गोळा करत फिरतायत.

ग्रुपवर भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्या अमेरिकेत याविरुद्ध कायदा आहे ना? आपल्याकडे कधी?" त्यावर माझा चुलतभाऊ लगेच उतरला. तो डॉक्टर आहे, तासगावला त्याचा पंधरा खाटांचा दवाखाना आहे. "करा कायदे. आम्ही कुलूप लावतो, मग जा सगळे कॉर्पोरेटमध्ये." दोघेही चुकतायत असं मला वाटतं, पण ग्रुपवर लांबलचक लिहिलं की 'अमेरिकेत बसून शहाणपणा' असं ऐकावं लागतं. म्हणून इथे लिहितो.

इथला कायदा डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. नाव 'नो सरप्रायझेस ॲक्ट'. त्याने उपचारांचे दर ठरवून दिलेले नाहीत, आणि भाच्याला नेमकं हेच माहीत नाही. कायद्याने फक्त पेशंटला भांडणातून बाहेर काढलं. तातडीचे उपचार असोत, नाहीतर नेटवर्कमधल्या रुग्णालयात भेटलेला नेटवर्कबाहेरचा भूलतज्ज्ञ किंवा रेडिओलॉजिस्ट असो, पेशंटने भरायचा तो नेटवर्कच्या हिशेबाने आपला वाटा. उरलेल्या रकमेसाठी डॉक्टर आणि विमा कंपनी यांनी आपसांत काय ते बघावं. जमलं नाही तर लवाद आहे, आणि तो दोघांनी सांगितलेल्या दोन आकड्यांपैकी एकच उचलतो, मधला काढत नाही. सरकारला वाटलं होतं वर्षाला काही हजार प्रकरणं येतील. आली लाखांनी, आणि बहुतेक निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागले. तो खर्च फिरून विम्याच्या हप्त्यात येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही माझ्या त्या 2,900 डॉलरचं पाकीट आज आलं असतं तर मी ते बेकायदा म्हणून परत पाठवलं असतं.

कायद्याला भोकंही आहेत. हवाई ॲम्ब्युलन्स त्यात आहे, रस्त्यावरची नाही. छातीत कळ आली तर 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करण्याआधी माणूस क्षणभर थांबतो, तो याच भीतीने. दुसरं भोक आम्हा देशी लोकांच्या घरात दर उन्हाळ्यात येऊन राहतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा आपण त्यांचा प्रवासी विमा काढतो. त्या विम्याला हे संरक्षण लागू नाही. म्हणून आई जिना उतरताना मी खाली उभा असतो.

पण मुद्दा वेगळाच आहे. अमेरिकेतला हा कायदा एका जुन्या कायद्याच्या खांद्यावर उभा आहे. 1986 पासून इथल्या आपत्कालीन विभागाला, पैशांची चौकशी करत न थांबता, आलेल्या माणसाला तपासून स्थिर करावंच लागतं. म्हणजे उपचार आधी, पाकीट नंतर. पाकीट नंतर येतं म्हणून त्यावर भांडायला वेळ असतो. आपल्याकडे पैसे आधी. पुण्यात 2025 मध्ये एका गर्भवतीकडे 10 लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि महाराष्ट्र हादरला. तातडीच्या वेळी उपचार नाकारू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलं आहे. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवू नये, असं 2018 च्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. सनद भिंतीवर राहते, काउंटरवर माणूस बसलेला असतो.

रुग्णालयांची नोंदणी आणि निकष यांसाठीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 चा. महाराष्ट्राने तो घेतला नाही, आपलं 1949 च्या नर्सिंग होम कायद्यावर चाललंय. त्याचे नियम 2021 मध्ये सुधारले, दर दर्शनी भागात लावायला सांगितले. त्याआधी कोविडमध्ये मे 2020 च्या आदेशाने 80 टक्के खाटांसाठी दिवसाचे दर बांधले होते: साध्या वॉर्डला 4 हजार, अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9 हजार. त्या आदेशातली दरबांधणी सगळ्यांना आठवते. मला आठवतो तो बिल तपासायला बसवलेला लेखापरीक्षक. पेशंट घरी जायच्या आत आकडा कमी होऊ शकत होता, कारण तपासणारा तिथेच होता.

म्हणून भाच्याला माझं सांगणं आहे की अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा आणून काही होणार नाही, तो पाकिटासाठी आहे. आपल्याला काउंटरवरचा कायदा हवा: वाद रुग्णालय आणि विमा कंपनीत चालू दे, काका घरी जाऊ देत. खोलीमुळे किती कापलं जाईल तो आकडा खोलीची किल्ली देतानाच कागदावर लिहून द्यायला तर कायदाही लागू नये. आणि चुलतभावाला: तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. पंधरा खाटांच्या दवाखान्यावर तीनशे खाटांचे निकष लादले तर तू बुडशील. पण आकडा आधी सांगण्याला खाटा लागत नाहीत.

एवढं सगळं नाही, दोन ओळी मी ग्रुपवर टाकल्या. अर्ध्या तासाने त्याने आपल्या दवाखान्यातल्या दरफलकाचा फोटो टाकला, 'बघ, आम्ही 2021 पासून लावलाय.' फलक खरोखरच होता. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं.

वहिनीने विचारलं, "भावजी, कॅलेंडरच्या मागे काय लिहिलंय?"