गुरुवारची सुट्टी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी

भोसरी-पिंपरी पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळीकडची यंत्रं एकाच वेळी चालून विजेवर ताण येऊ नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि पुढे तोच कायम झाला. त्यामुळे माझी सुट्टी गुरुवारी आणि घरातल्या बाकीच्यांची रविवारी. ऐकणारे हळहळतात. "मग तुम्ही एकत्र असता तरी कधी?" असं विचारतात. असतो की, रोज संध्याकाळी असतो. पण सुट्टी म्हणजे काय, ती कोणाची असते, हे मला या आडवारच्या सुट्टीनंच नीट दाखवलं. थंडी पडली की ते लिहावंसं वाटतं, कारण सुट्टीची सगळी सुखं आपल्याकडे थंडीतच एकदम येतात. चालायलाही हेच दिवस आणि रांधायलाही हेच.

आधी चालण्याचं.

आमच्या विभागातल्या दोघी-तिघी आणि मी, हिवाळ्यात जमेल त्या गुरुवारी सिंहगड चढतो. गाडीरस्त्यानं नाही, आतकरवाडीतून पायवाटेनं. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठावं लागत नाही. खडकवासल्याच्या कडेनं जाताना दुचाकीच्या हँडलवर बोटं आखडतात. आतकरवाडीत उतरल्यावर तर दातावर दात वाजत असतात. आणि मग पंधरा-वीस मिनिटं चढलं की हवा एकदम मवाळ लागायला लागते. चढून अंग तापतं हे खरं, पण कारण तेवढंच नाही. थंडीतल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून ओघळत दरीत जाऊन साचते. म्हणून पहाटे गार हवा खाली असते आणि तिच्याहून उबदार हवा वर. उंच जावं तसं गार, हा शाळेत शिकलेला नियम त्या एक-दोन तासांपुरता उलटा होतो. पहिल्यांदा हे गालांना जाणवलं तेव्हा मी मुद्दाम खालच्या वळणापर्यंत उतरून पुन्हा वर आले, खात्री करून घ्यायला. खरंच, मधे कुठेतरी एक रेघ असल्यासारखा फरक होता. उजाडल्यावर वरून मागे पाहिलं की शहरावर एक करडा थर दिसतो, तोही याच गार हवेत, वरच्या उबदार हवेखाली कोंडलेला धूर आणि धूळ. रोज आपण त्यातच श्वास घेतो हे तिथून दिसतं, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्या वर जावं असं वाटायला तेवढं पुरेसं आहे.

सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर उंच, आतकरवाडीपासूनची चढण साधारण सहाशे मीटरची. यात पराक्रम काही नाही. सत्तरीतले आजोबा आम्हाला "चला, चला" म्हणत मागे टाकून जातात. पण याच परिसरात ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, थंडी अजून सरली नसताना, तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे अंधारात कडा चढून आले होते, हे कल्याण दरवाज्यापाशी उभं राहिलं की दर वेळी आठवतं. समोर राजगड आणि तोरणा दिसतात. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. जानेवारी सरत आला की काटेसावरी पानं टाकून नुसत्या लालभडक फुलांनी भरतात आणि त्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची नुसती झुंबड असते. मी त्या झाडाखाली बराच वेळ उभी राहते. मैत्रिणी पुढे निघून जातात, जाऊ देत.

आता दह्याचं. गडाच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन हीच वाट चढतात. आम्ही बूट घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत असतो आणि त्या चपला घालून, ओझं सांभाळून, गप्पा मारत चढत असतात. छोट्या मडक्यातलं ते दही इतकं घट्ट असतं याचं कारण माती. कच्च्या भाजणीचं मडकं दह्यातलं पाणी शोषून घेतं, बाहेरून पाझरतं, त्यानं आतलं दही गारही राहतं. त्यावर थोडी साखर किंवा नुसतं मीठ. एका मावशींकडे आम्ही नेहमी बसतो. त्या एकदा म्हणाल्या, "रविवारी मला घोटभर पाणी प्यायला सवड नसती. तुमी येता त्या दिवशी जरा बोलायला तरी माणूस गावतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. पुणेकरांचा रविवार त्यांच्या कष्टावर उभा आहे. वाईट काहीच नाही त्यात, त्यांचं पोट त्यावर आहे आणि आपण दोन पैसे जास्त देऊन, पानात काही न टाकता, पत्रावळ्या आणि बाटल्या गडावर न फेकता ते मानानं घ्यावं, एवढंच. पण मला त्यावरून घरचे रविवार दिसायला लागले.

माझ्या लहानपणी रविवार म्हणजे आईचा सगळ्यात जड दिवस. आम्हा सगळ्यांना सुट्टी, म्हणून नाश्ता उशिरा आणि एकेकाचा वेगळा. दुपारी साग्रसंगीत जेवण. चार वाजता कोणीतरी यायचंच, मग चहा, मग भजी. आम्ही म्हणायचो, "रविवारी घरी काय मजा असते!" ती मजा करून कोण देत होतं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. आजही घरच्या जेवणाच्या सुखावर लिहिलेलं खूप वाचते. चुलीवरची भाकरी, आईच्या हातची चव, वाफाळता वरणभात. सगळं खरं आहे, मलाही प्रिय आहे. पण त्यात भाकरी थापणारीला त्या दिवशी सुट्टी होती का, हे कोणी लिहीत नाही.

आणि ही सुट्टी आपल्याला कोणी प्रेमानं बहाल केलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव निदान पुणे जिल्ह्यात तरी सगळ्यांना माहीत असायला हवं. ते मूळचे आपल्याच खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. लोखंड्यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज दिले. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. त्या सभांना बायकाही आल्या होत्या, कारण गिरणीत त्याही राबत होत्या. रविवार तर आपल्याकडे खंडोबाचा वार, देवदर्शन आणि घरची कामं त्या दिवशी व्हावीत ही त्या कामगारांची साधी इच्छा. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी पक्की केली. माझा गुरुवार त्याच वाटेनं माझ्यापर्यंत आला. म्हणूनच तो मला फुकट घालवायचा नसतो आणि कोणाला विकायचाही नसतो. सुट्टीच्या दिवशी "जरा एक फाइल बघून देता का" असा फोन आला तर मी "उद्या बघते" म्हणते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

गिरणीतल्या बाईला १८९० मध्ये सुट्टी मिळाली, पण घरातल्या बाईला अजून मिळालेली नाही. म्हणून आमच्या घरी एक ठरलं आहे. रविवारी स्वयंपाकघर नवऱ्याचं आणि मुलाचं. काय करायचं, काय आणायचं, भांडी कधी घासायची, सगळं त्यांनी ठरवायचं. "मी मदत करतो" हा शब्द चालत नाही, कारण मदत म्हटलं की काम मूळ दुसऱ्याचं ठरतं. हे ठरलं तेव्हा मला वाटलं सासूबाईंना आवडणार नाही. त्यांना मी आईच म्हणते. आई शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला कधी कोणी विचारलंच नाही, नाहीतर मीपण हो म्हटलं असतं." आता रविवारी सकाळी त्या त्यांच्या मैत्रिणींबरोबर पर्वतीला जातात. हळूहळू पायऱ्या चढतात, वर वाऱ्याला बसतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात.

गुरुवारी मात्र मी रांधते, कारण मला मनापासून आवडतं. कोणी वाट बघत नसतं, डब्याची घाई नसते. गडावरून येताना पुण्याच्या मंडईत उतरते. १८८६ सालची ती दगडी इमारत थंडीत सगळ्यात देखणी दिसते, याचं निम्मं श्रेय ओट्यांवरच्या भाजीला. पुरंदरचा मटार, हरभऱ्याचे घाटे, पावटा, जांभळी-हिरवी वांगी, मातीसकट गाजरं, पातीचा कांदा, चाकवत. यातलं मला सगळ्यात जास्त ओढतात त्या तुरीच्या शेंगा. वर्षभर आपण तूर डाळ म्हणून खातो आणि तिचा ओला दाणा जेमतेम दीड-दोन महिने मिळतो. तोही शहरातल्या कितीतरी मुलांनी बघितलेला नाही.

शेंगा सोलायला वेळ लागतो, तो लागू द्यावा. कोवळी शेंग कडेनं दाबली की फटकन उघडते आणि आत हिरवे दाणे, एखाद्यावर जांभळी झाक. आई समोर बसून सोलतात आणि अधूनमधून दोन दाणे तोंडात टाकतात. मग लोखंडी तवा मंद आचेवर ठेवायचा, दाणे तेलाशिवाय भाजायचे. सालीवर तपकिरी ठिपके पडायला लागतात, एखादा दाणा तडकतो, आणि शेतात शेंगा भाजल्यावर येतो तसा वास सुटतो. इथे थांबायचं, पुढे गेलं की दाणे कडक होतात. निम्मे दाणे तसेच ठेवायचे, निम्मे लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर घालून भरड वाटायचे. अगदी गंध करायचा नाही, दाताखाली काही यायला हवं. तेलात मोहरी, हिंग, हळद, मग वाटण परतायचं. कच्चा लसणाचा वास गेला की गरम पाणी, अख्खे दाणे, मीठ, नखाएवढा गूळ. दाणे मऊ होईपर्यंत उकळायचं. खोबरं घालणारे घालतात, आमच्याकडे नाही घालत. ओल्या दाण्याला स्वतःची गोडी असते, ती खोबऱ्याखाली दबते असं माझं ठाम मत आहे.

बरोबर बाजरीची भाकरी, आणि तिच्यासाठी पीठ ताजंच हवं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ थोड्याच दिवसांत खवट, कडवट होतं. "मला बाजरी आवडत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी जुन्या पिठाची भाकरी खाल्लेली असते. गिरणीतून थोडंच दळून आणावं, गरम पाण्यात मळावं, भरपूर मळावं, आणि वर तीळ लावावेत.

या सगळ्याला खर्च किती? पेट्रोल, दही, शेंगा. आजकाल याच दोन गोष्टी, डोंगर आणि शेतातलं खाणं, आपल्याला महागड्या पॅकेजमध्ये परत विकल्या जातात. हुरड्याचंच बघा. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळून फुंकर मारायची आणि तिथल्या तिथे लसणाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. गूळभेंडी, सुरती असे हुरड्याचे खास वाण लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपले. शेतकऱ्याला त्याचे चांगले पैसे मिळावेत, जरूर मिळावेत. पण कानठळ्या बसवणारी गाणी आणि रेन डान्स यांच्या मधे बशीत आणून ठेवलेला गार हुरडा खाऊन माणसं परततात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आगटीभोवती बसणं हाच त्यातला निम्मा आनंद होता.

आणि ज्यांना गडापर्यंत जायला जमत नाही त्यांच्यासाठी टेकड्या आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. नोकरदार माणसाला, घरकाम करणाऱ्या मावशींना, विद्यार्थ्याला सारख्याच खुल्या. वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे न्यायचा घाट घातला गेला तेव्हा २०२३ मध्ये इतके पुणेकर चालत निघाले, कारण ही जागा गेली तर शहरातल्या माणसाची फुकट मिळणारी शेवटची सुट्टी जाईल हे त्यांना कळलं होतं. टेकड्या राखणं हा माझ्या लेखी सुट्टीच्या हक्काचाच भाग आहे.

भोगी आता जवळ आली आहे. वांगी, गाजर, घाटे, पावटा, बोरं, तीळ, सगळा हिवाळा एका भाजीत. आमच्याकडे यंदा ती मुलगा करणार आहे, मी कामावर असेन. आईंनी त्याला फक्त तोंडी सांगायचं, कढईला हात लावायचा नाही, असं दोघांचं ठरलं आहे. तुमच्याकडे कोण करणार ते आजच ठरवा. आणि तुरीच्या शेंगा घ्यायच्या असतील तर मंडईत लवकर जा. भरलेल्या पण अजून हिरव्या शेंगा बघून घ्या, पिवळट झालेल्या निवडू नका, त्यांचा दाणा शिजायला फार वेळ घेतो.